फुलांची सोपी चित्रं रंगवायला सुरुवात केली आहे, थोडं मार्गदर्शन हवं

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. माझं वय ५८, राहायला चिपळूणजवळ. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. गेल्या आषाढात ओटीवर पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्या अंथरुणाला आहेत. दुपारी जेवण आणि गोळ्या झाल्या की दीड-दोन तास त्यांचा डोळा लागतो, पण झोप सावध. मी खोलीतून उठून गेले की त्यांना कळतं आणि लगेच हाक येते. म्हणून मी त्यांच्या पलंगाशेजारी, खिडकीपाशी बसून असते.

या दोन तासांचं काय करावं हा माझा प्रश्न होता. टीव्ही लावता येत नाही, शिवणयंत्राचा खडखडाट होतो. पुस्तक घेतलं तर डोळे ओळींवरून फिरतात आणि मन भलतीकडेच असतं: रात्रीची गोळी आणायची राहिली, धाकट्याचा दोन दिवस फोन नाही, यंदा कौलं परतायला माणूस मिळेल की नाही. विणायला घेतलं होतं, पण हाक आली की सुई तशीच टाकून उठावं लागतं, मग टाके सुटतात. मला असं काहीतरी हवं होतं जे अर्ध्यावर टाकलं तरी बिघडणार नाही.

दिवाळीत नात येऊन गेली, तिचं रंगवायचं पुस्तक इथेच राहिलं. त्यात एक मोठं सूर्यफूल होतं. तिच्याच तुटक्या खडूंनी मी ते रंगवायला बसले, आणि पाऊण तास कसा गेला कळलं नाही. त्या पाऊण तासात एकदाही गोळ्यांची आठवण झाली नाही. उठले तेव्हा मान आणि खांदे हलके झाले होते. शाळा सुटल्यानंतर रंग हातात धरले ते थेट आता.

मग मोठ्यांसाठीचं म्हणून एक पुस्तक मागवलं. त्यात फुलंच आहेत, पण काम इतकं बारीक की एकेका पाकळीत तांदळाच्या दाण्याएवढ्या वीस-वीस जागा. चष्मा लावूनही डोळे ओढायला लागले. स्केचपेन वापरून पाहिले तर रंग कागदातून पार मागच्या चित्रावर उतरला. चार दिवसांनी पुस्तक कपाटात ठेवलं आणि मला फार वाईट वाटलं. सापडलेली एक चांगली गोष्ट हातातून गेली असं झालं.

तर विचारायचं ते हे. सुरुवातीला कोणती फुलं घ्यावीत? कागद कोणता? १२ रंगीत पेन्सिलींची डबी आणली आहे, ती पुरेल का? आणि मुख्य म्हणजे, काल लाल जास्वंद रंगवली ती अगदी सपाट दिसते, लाल कागद कापून चिकटवल्यासारखी. दारातली जास्वंद अशी दिसत नाही. माझं कुठे चुकतंय?

चित्रकला_मास्तर

ताई, तुमची जास्वंद सपाट दिसते हे तुम्हाला दिसलं, म्हणजे तुमची नजर चांगली आहे. मी ३१ वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला शेकडो मुलं बसवली. मुलांना सपाटपणा दाखवून द्यावा लागतो.

पहिली गोष्ट: दारात जास्वंद आहे ना? मग सकाळी एक फूल देठासकट खुडून वाटीत पाणी घालून समोर ठेवा आणि मगच रंगवायला बसा. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी मिटतं, त्यामुळे आजचं फूल आजच बघायचं. ते हातात घेऊन उजेडाकडे धरा. पाकळीचा लाल सगळीकडे एक नाही. घशाशी, म्हणजे जिथे पाची पाकळ्या एकत्र येतात तिथे, तो जांभळट, काळपट होतो. तिथून शिरा निघतात आणि पंख्यासारख्या काठापर्यंत पसरतात. जिथे पाकळी बाहेर वळते तिथे उजेड पडतो आणि लाल फिकट, जवळपास गुलाबी दिसतो. एका पाकळीचा काठ शेजारच्या पाकळीखाली जातो, तिथे सावली असते. हे चार लाल तुम्ही एकाच लालने, एकाच दाबाने भरलेत, म्हणून थाळी झाली.

आता हात कसा चालवायचा ते सांगतो. पेन्सिल टोकापाशी घट्ट धरू नका, लिहिताना धरतो त्यापेक्षा दोन बोटं मागे धरा. दाब आपोआप कमी होतो आणि बोटंही दुखत नाहीत. घशापासून सुरुवात करून काठाकडे रेघ न्यायची, शिरा जातात त्याच दिशेने, आणि काठ जवळ आला की पेन्सिल उचलत न्यायची. सुरुवातीला दाब, शेवटी नुसता स्पर्श. पहिला हात पूर्ण फुलावर नारिंगीचा, अगदी फिका. उजेडाची जागा कोरी सोडायची. मग लालचा एक हात, वाळवायचं-बिळवायचं काही नसतं, लगेच दुसरा. शेवटी घशाशी जांभळा, आणि तोही हलकाच. सावलीला काळा वापरू नका. काळ्याने लाल मरतो. पिवळ्यावर काळा घातला तर तो चक्क शेवाळी हिरवा होतो, पिवळ्याची सावली तपकिरीने किंवा नारिंगीने करायची.

हलका हात का, तर रंगीत पेन्सिलीत रंगाबरोबर मेण असतं. कागदाला बारीक खरखर असते, रंग तिच्यात अडकतो. पहिल्याच फटक्यात दाबून घासलं की ती खरखर मेणाने बुजते. मग वर दुसरा रंग घातला तरी तो घसरतो, बसत नाही, आणि रबरानेही नीट निघत नाही. हलके तीन-चार हात दिले की प्रत्येक रंगाला जागा मिळते आणि खालचा वरून डोकावत राहतो. फुलाला जीव येतो तो तिथे.

आणि एक. जास्वंदीच्या मधली दांडी, तिच्यावर पिवळे परागाचे ठिपके असतात. ते सगळ्यात आधी भरून घ्या. गडद लालवर नंतर पिवळा दिसत नाही. फिका रंग आधी, गडद नंतर, हा क्रम पाळलात की निम्म्या अडचणी सुटतात. दांडीच्या टोकाला पाच बारीक लाल ठिपके असतात, मोजून बघा.

१२ पेन्सिली भरपूर आहेत. त्या आधी ओळखीच्या करून घ्या. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक रंगाचे पाच चौकोन काढा, पहिला जेमतेम दिसेल इतका फिका आणि पाचवा पूर्ण दाबून. मधले तीन जमायला वेळ लागतो. माझ्या वर्गात पाचवीच्या मुलांचा पहिला महिना यातच जायचा, आणि तो वाया जात नसे.

नाईटशिफ्ट

काकू, मास्तरांनी हाताचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. मी पुण्यात एका कॉल सेंटरला रात्रपाळी करतो. सकाळी घरी आल्यावर झोप लागत नाही, म्हणून दोन वर्षांपासून रंगवतो.

झेरॉक्सचा साधा कागद ७० किंवा ७५ जीएसएमचा असतो, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम; आकडा मोठा तितका कागद जाड. पेन्सिलीला चालतो, पण तीन-चार हात दिले की गुळगुळीत होतो, आणि स्केचपेनचा रंग तर मागे उतरणारच. १२० ते १५० जीएसएमचा ड्रॉइंग पेपर स्टेशनरीच्या दुकानात सुटा मिळतो. ए-फोरमध्ये कापून घ्या आणि झेरॉक्सवाल्याला त्याच कागदावर चित्र काढून द्यायला सांगा. काही मशीन जाड कागद घेत नाहीत, आधी एकच देऊन बघा. घरच्या इंकजेटवर काढलेल्या रेघा पाणी लागलं की बहुतेक वेळा पसरतात, झेरॉक्सच्या किंवा लेझरच्या पसरत नाहीत. पुढेमागे जलरंग वापरावेसे वाटले तर हे लक्षात ठेवा.

बारीक चित्र मोठं करून घ्या. अर्ध्या ए-फोरवरचं चित्र पूर्ण ए-फोर करायचं तर १४१ टक्के, ए-फोरचं ए-थ्री करायचं तरी १४१ टक्केच. तुमच्या कपाटातलं पुस्तक टाकू नका. त्यातलं एकच फूल निवडा आणि तेवढंच मोठं करून घ्या. तांदळाची जागा मोठी झाली की तेच चित्र सोपं होतं. शिवाय झेरॉक्स फिकी काढायला सांगा. काळ्या जाड रेघेपेक्षा राखाडी रेघ रंगात मिसळून जाते.

मन शांत होण्याबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो. २००५ साली अमेरिकेत ८४ कॉलेज विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. आधी त्यांना थोडं अस्वस्थ केलं, मग काहींना मंडल, म्हणजे गोलातली नक्षी, रंगवायला दिलं, काहींना चौकड्यांची नक्षी, आणि काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकड्यावाल्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावाल्यांपेक्षा जास्त उतरली. प्रयोग फुलांवरचा नव्हता आणि छोटाच होता, पण मला तो पटतो. कोरा कागद समोर आला की काय काढू ही नवीन काळजी सुरू होते. रेघा आखलेल्या असल्या की ठरवायचं थोडंच उरतं, हाताला काम मिळतं.

अबोली_फोंडा

ताई, तुमचं वाचून माझ्या आईची आठवण झाली, तिच्या उशाशी मी अशीच दोन वर्षं बसले होते. तेव्हा मला कुणी हे सुचवलं असतं तर बरं झालं असतं.

फुलांचं विचारलंत. सदाफुलीपासून सुरू करा. पाच सपाट पाकळ्या, मध्ये गडद डोळा, बस. एक पेन्सिल आणि दोन दाब, फूल तयार. त्यानंतर गोकर्ण घ्या. तिला एकच मोठी पाकळी दिसते, निळी, आणि मध्ये पांढरट पिवळा पट्टा, तो कोरा सोडून भोवतीने निळा आत-बाहेर करायचा. मग देवचाफा. त्याचा पिवळा मध्यातून निघतो आणि पांढऱ्यात कुठे विरतो ते सांगता येत नाही, मास्तरांनी सांगितलेलं पेन्सिल उचलत नेणं इथे उत्तम शिकता येतं. झेंडू आणि शेवंती लवकर घेऊ नका, पाकळ्याच पाकळ्या, जीव कंटाळतो. अबोली माझी लाडकी, पण तिचा रंग डबीतल्या एका पेन्सिलीत नसतो. नारिंगीवर गुलाबीचा फिका हात दिला की तो जवळपास येतो.

पांढऱ्या फुलांची एक खूण सांगते: मोगरा, तगर रंगवायची म्हणजे मागची पानं रंगवायची. पानं गडद हिरवी झाली की फूल आपोआप उजळतं. पाकळीत घालायचीच असेल तर निळसर राखाडी सावली, तीही नावाला.

पानांसाठी आणखी एक करून बघा. खरं पान पालथं ठेवा, शिरा वर, त्यावर पातळ कागद, आणि खडू आडवा धरून हलकेच घासा. सगळ्या शिरा कागदावर उमटतात. शिरा कशा फुटतात हे एकदा असं पाहिलं की रंगवताना हात बरोबर तिकडेच जातो.

मास्तरांशी एका बाबतीत मात्र माझं जमत नाही. रोज फूल समोर ठेवून रंगवलं तर त्याची परीक्षा होते. एखाद्या दिवशी जास्वंद निळी करावीशी वाटली तर खुशाल करावी. ताईंना एलिमेंटरीला बसायचं नाही, दोन तास सुखाचे हवे आहेत.

चित्रकला_मास्तर

अबोलीताई, निळी जास्वंद जरूर करावी. मी फूल समोर ठेवा म्हणतो ते मार्कांसाठी नाही. माणूस फुलाकडे खरंच बघायला लागला की बाकीचं मागे पडतं, हे मी वर्गात पाहिलंय. घरी भांडण झालेलं पोर तासाला येऊन बसायचं आणि समोरच्या फांदीची पानं मोजता मोजता निवायचं. मला वाटतं ताईंना जे हवंय ते तिथेही मिळेल.

ताई, एक सांगायचं राहिलं. तुम्ही उजव्या हाताच्या असाल तर खिडकी डावीकडे येईल असं बसा, नाहीतर हाताची सावली नेमकी रंगवत असाल तिथेच पडते. आणि पेन्सिल खाली पडू देऊ नका. वरून धड दिसते, पण आतली कांडी तुटलेली असते, मग टोक करताना तुकडे पडत राहतात.

खिडकीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवडे झाले, काय काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण तुम्ही एवढं जीव लावून सांगितलंत.

कागद तालुक्याच्या बाजारातून आणला, झेरॉक्सवाल्याच्या मशीनने तो घेतला. मांडीवर नातवाचं परीक्षेचं पॅड, त्याला चिमट्यात कागद. हाक आली की पॅड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उठते, परत येते तेव्हा पाकळी जिथे सोडली तिथेच असते. मला हवं होतं ते हेच. पेन्सिली गडगडू नयेत म्हणून जुन्या नॅपकिनला कप्पे शिवून घेतले, रंगाप्रमाणे एकेक कप्पा.

पाच चौकोनांचं काम पहिल्या आठवड्यात केलं. पिवळ्याचा पहिला आणि दुसरा चौकोन मला संध्याकाळी वेगळे दिसतच नव्हते, दिव्याचा उजेडही पिवळा, त्यात पिवळी पेन्सिल. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर स्वच्छ वेगळे. तेव्हापासून पिवळं फूल फक्त दिवसा घेते.

सदाफुली सहा झाल्या. गोकर्ण दोन. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जास्वंद घेतली, यावेळी वाटीत खरं फूल ठेवून. मास्तर, टोकाचे पाच ठिपके मोजले. चाळीस वर्षं रोज पूजेला हे फूल काढतेय, ते ठिपके मी कधी पाहिले नव्हते. पिवळा आधी भरला. मग नारिंगी, मग लाल, मग पुन्हा लाल. घशाशी जांभळा घालताना हात कापत होता, वाटत होतं आता बिघडणार. दोन-तीन रेघा मारल्या आणि फूल एकदम आत गेलं. म्हणजे कागदाला खोली आली, मधली दांडी पुढे आली. मी तशीच बसून बघत राहिले.

पान रंगवत होते तेव्हा आई जाग्या झाल्या. मला वाटलं होतं त्या छताकडे बघत पडल्यात, पण त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, पानाला खालपर्यंत दात काय काढतेस? देठाकडे जास्वंदीचं पान गुळगुळीत असतं." मी उठून दारातून पान आणलं. खरंच, टोकाकडच्या भागालाच दाते, देठाकडचा काठ सरळ. झेरॉक्सच्या चित्रात ते चुकीचं होतं आणि मी त्याच रेघेवरून चालले होते. मी वरून हिरव्याने काठ सरळ करून घेतला आणि पॅड त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी बोटाने पाकळीवरून हात फिरवला आणि बोटाला रंग लागला का ते पाहिलं.

पडल्यापासून त्या स्वतःहून फारसं बोलत नव्हत्या. जेवण, पाणी, दुखतंय, एवढंच. आता दुपारी झोप झाली की विचारतात, आज काय आहे. मग सांगत बसतात. माहेरी विहिरीजवळ पांढऱ्या तगरीचं झाड होतं, पहाटे परडी घेऊन जायच्या, देठातून चीक यायचा आणि बोटं चिकट व्हायची. सोनचाफा उंचावर, त्याला आकडी लागायची. हे मी लग्नाला ३५ वर्षं होऊन पहिल्यांदा ऐकतेय.

नाईटशिफ्ट, तुझं म्हणणं ऐकून कपाटातलं पुस्तक काढलं. त्यातली एक कमळाची कळी १४१ टक्क्यांनी मोठी करून आणली आहे, अजून हात लावलेला नाही. अबोलीताई, निळी जास्वंद केली नाही, पण एक सदाफुली हिरवी केली, आणि ती मला आवडली. पान घासून शिरा उमटवायचं तर आईंनीच केलं, पडल्या पडल्या, पाटीवर कागद ठेवून. फणसाचं पान होतं. डावा हात चालत नाही फार, मी कागद धरला, त्यांनी खडू फिरवला. ते आता त्यांच्या पलंगासमोर भिंतीला लावलं आहे.

रोजच मन शांत होतं असं म्हणणार नाही. गेल्या गुरुवारी त्यांना ताप होता, तेव्हा पेन्सिलीला हातसुद्धा लावला नाही. पण बाकीच्या दुपारी मी खिडकीपाशी बसायची वाट बघते. आधी ती दुपार संपायची वाट बघायचे.

आता त्यांनी फर्माईश केली आहे: त्यांच्या विहिरीजवळची तगर. फूल आमच्या दारात नाही, शेजारून आणलं आहे, चित्रही तयार आहे. मागची पानं गडद करून झाली, फूल उजळलं. फक्त पाकळ्या एकमेकींवर वळतात तिथे सावली हवी आहे आणि अबोलीताईंनी सांगितलेली राखाडी पेन्सिल माझ्या १२ च्या डबीत नाही. नुसत्या निळ्याने चालेल का?

चित्रकला_मास्तर

नुसत्या निळ्याने फूल गारठल्यासारखं दिसेल. आधी निळ्याचा अगदी फिका हात द्या, पाच चौकोनांतला पहिला, आणि त्यावरून तितकाच फिका तपकिरी. दोन्ही मिळून राखाडी होईल. आधी कागदाच्या कोपऱ्यात करून बघा, मग पाकळीवर. झाल्यावर आईंना दाखवा आणि त्या काय म्हणाल्या ते इथे लिहा.